किड्याला पुतळा, माणसाला फलकही नाही

वाईला सात घाट आहेत. ढोल्या गणपतीची मूर्ती अखंड दगडातली आहे आणि कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथल्या घाटावरची घंटा १७०७ सालची असून ती १७३९ च्या वसई मोहिमेतून आली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. पांडव अज्ञातवासात इथेच होते, म्हणून वाई ही विराटनगरी. वाई ही दक्षिण काशी. 'स्वदेस'चे शूटिंग मेणवलीत झाले आणि 'गंगाजल'मधले बिहार वाईत उभे राहिले. मराठी विश्वकोशही वाईचाच.

ही यादी आपल्याला पाठ आहे. शाळेच्या सहलीत हीच सांगतात, गाइड हीच ऐकवतो, दर पावसाळ्यात मोबाईलवर 'वाईबद्दल हे तुम्हाला माहीत आहे का?' म्हणून हीच फिरते. इतिहास, प्रेक्षणीय स्थळे आणि रंजक माहिती असे तिचे तीन कप्पे असतात. माणूस वाचतो, 'अरे वा' म्हणतो, फोटो काढतो आणि पाचगणीकडे गाडी वळवतो.

या यादीत खोटे फारसे नाही. खोटे असते तर खोडून काढणे सोपे होते. अडचण वेगळी आहे. घंटेवर काय कोरले आहे ते यादी सांगते, पण देवळाचा दगड कोणी फोडला ते सांगत नाही. पाणी देवळाला कसे वळसा घालते ते सांगते, पण त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही असा नियम होता ते सांगत नाही. काय सांगायचे आणि काय गाळायचे हे कोणीतरी ठरवलेले असते. आपण त्याला 'पर्यटन माहिती' म्हणतो आणि निरुपद्रवी समजून सोडून देतो. माझे म्हणणे आहे की आज महाराष्ट्रात इतिहासाचे सर्वात जास्त वाचले जाणारे पुस्तक म्हणजे हा फलक आहे. तो कोणी लिहायचा हा हक्काचा प्रश्न आहे.

हे नीट समजायला आधी थोडे लांब जाऊ. अमेरिकेतल्या एका राज्यात.

अलाबामाची 'रंजक माहिती'

अमेरिकेत ५० राज्ये. प्रत्येकाचा अधिकृत पक्षी, फूल, झाड आणि ब्रीदवाक्य ठरलेले असते. शाळेतली मुले ते पाठ करतात आणि पर्यटन खाते छापते. त्यातले अलाबामा राज्य घ्या. दक्षिणेतले, कापसाचे, म्हणजेच गुलामांच्या श्रमावर उभे राहिलेले.

अलाबामाची सर्वात गमतीची गोष्ट म्हणून एक पुतळा सांगतात. एंटरप्राइज नावाच्या गावात भर चौकात कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या किड्याचे स्मारक आहे. डिसेंबर १९१९ मध्ये ते उभारले. या किड्याने कापूस फस्त केला, म्हणून शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि त्यात त्यांचे भले झाले. त्याबद्दल किड्याचे आभार! वाचून हसू येते. आता दुसरी तारीख बघा. जमावाने झाडाला टांगून, जाळून मारलेल्या काळ्या माणसांचे राष्ट्रीय स्मारक याच राज्याच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीत, उभे राहिले ते एप्रिल २०१८ मध्ये. कापूस खाणाऱ्या किड्याला स्मारक मिळाले त्यानंतर ९८ वर्षांहून अधिक काळ कापूस वेचणाऱ्या माणसाला थांबावे लागले. एकट्या अलाबामात अशा तीनशेहून अधिक हत्यांची नोंद आहे.

राज्याचा पक्षी बघा. 'यलोहॅमर' हा एक सुतारपक्षी. १९२७ मध्ये, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी, तो अधिकृत झाला. पक्षी निरागस आहे, पण त्याचे नाव या राज्याला चिकटले ते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेतल्या सैनिकांच्या गणवेशावरच्या पिवळ्या कापडामुळे. शाळेतले पोर पक्ष्याचे चित्र रंगवते आणि न कळत त्या फौजेला सलाम करते. इतके साधे असते हे काम.

सुट्टी बघा. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी सारी अमेरिका मार्टिन ल्यूथर किंग यांची जयंती पाळते. अलाबामाच्या सरकारी कॅलेंडरवर त्याच दिवशी आणखी एका माणसाची जयंती असते. रॉबर्ट ली, म्हणजे गुलामगिरीवाल्या फौजेचा सेनापती. मुक्तिदाता आणि त्याच्या पूर्वजांना बेडीत ठेवण्यासाठी लढलेला सरदार एकाच सुट्टीत. आपल्याकडे याला 'समरसता' म्हणतात.

आणि निवडणूक चिन्ह बघा. अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा. त्यासोबत मतपत्रिकेवर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा नारा उघड उघड छापलेला असे. लाउंड्स नावाच्या परगण्यात १०० पैकी ८० माणसे काळी होती, पण १९६५ च्या सुरुवातीला तिथे एकाही काळ्या माणसाचे नाव मतदारयादीत नव्हते. तिथल्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला आणि कोंबड्यासमोर चिन्ह ठेवले काळा चित्ता. तेच चिन्ह पुढे १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी उचलले आणि 'ब्लॅक पँथर' पक्ष जन्मला. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी 'दलित पँथर' काढली तेव्हा नाव तिथून आले. म्हणजे वरळीच्या आणि नायगावच्या चाळींत घुमलेल्या त्या नावाचे मूळ अलाबामाच्या एका कापूसपट्ट्यात आहे. ही आहे खरी रंजक माहिती. ती कुठल्या पर्यटन पुस्तिकेत वाचली आहे का?

हे नाते एका बाजूचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि आपल्या प्रश्नातले साम्य कळवले होते. मॉन्टगोमेरीच्या चर्चमध्ये पाद्री असताना, १९५९ मध्ये, किंग भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले एक अस्पृश्य' अशी करून दिली. आधी धक्का बसला आणि मग पटले, हे किंग यांनीच पुढे एका प्रवचनात सांगितले.

आता मुद्द्याचे. अलाबामा काही सुधारले नाही. २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने जुने पुतळे हलवू नयेत म्हणून कायदा केला. आंतरवर्णीय विवाहावरची बंदी त्यांच्या राज्यघटनेतून निघाली २००० साली, आणि तेव्हाही शंभरातल्या चाळीस मतदारांनी ती राहू द्या म्हटले. तरीही आज मॉन्टगोमेरीला जाणारा माणूस फक्त गोऱ्या सरदारांची घरे पाहून परत येत नाही. रोझा पार्क्स १ डिसेंबर १९५५ ला जिथे बसमध्ये चढल्या ती जागा तो पाहतो. ३८१ दिवस चाललेला बस बहिष्कार त्याला कळतो. टांगलेल्या पोलादी खांबांवर परगण्यांची आणि मारलेल्या माणसांची नावे तो वाचतो. पुतळे आहेत तिथेच आहेत, पण आता ते एकटे बोलत नाहीत. हे सरकारने केले नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी नावे शोधली, पैसा उभा केला, जागा घेतली आणि स्वतःचा फलक स्वतः लिहिला.

हे डोक्यात ठेवून कृष्णेच्या काठी परत या.

विराटनगरीच्या आधी काय होते?

वाईची यादी महाभारतापासून सुरू होते. विराटनगरी, कीचक, पांडव, पांडवगड. पण ज्याचा दगडी पुरावा आजही उभा आहे अशी या परिसरातली फार जुनी खूण कोणती? वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ डोंगरात कोरलेली लेणी. ती बौद्ध लेणी आहेत. हे मी म्हणत नाही, १८८५ चे इंग्रजांचे सातारा गॅझेटियर म्हणते. तिथल्या स्तूपाचे पुढे शिवलिंग झाले आणि लेण्याचे नाव झाले पालपेश्वर. पांडवगडाच्या पोटातही लेणी आहेत. याच जिल्ह्यात कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठेक बौद्ध लेण्यांचा समूह आहे. म्हणजे कृष्णाकाठी भिक्खू राहत होते, वर्षावास करत होते, धम्म सांगत होते.

ते लोक गेले कुठे? यादी म्हणते, पांडव आले होते. महाराष्ट्रात कुठेही जा, हाच खेळ आहे. नाशिकची बौद्ध लेणी 'पांडवलेणी' होतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ उभे असते. ज्या लेण्याचा कर्ता विसरायचा असेल ते पांडवांच्या नावावर टाकायचे आणि ज्या स्तूपाची ओळख पुसायची असेल त्याला शेंदूर फासायचा किंवा बेलपान वाहायचे. भाविकांशी माझे भांडण नाही. लोहाऱ्याचा शेतकरी श्रावणात तिथे फूल वाहतो ते श्रद्धेने वाहतो. भांडण आहे ते सगळे माहीत असून फलकावर 'प्राचीन शिवमंदिर' एवढेच लिहिणाऱ्याशी. बुद्धाचे नाव लिहायला किती शाई लागते?

देऊळ रास्त्यांचे, दगड कोणाचा?

ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. पानिपतानंतरच्या वर्षी. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सरदार आणि व्याही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. मेणवलीचा वाडा पेशवाईच्या सर्वात ताकदवान कारभाऱ्याचा. हे सारे खरे आणि सांगण्यासारखे आहे.

पण 'बांधले' या क्रियापदाचा कर्ता नीट बघा. रास्त्यांनी खाण फोडली नाही, दगड वाहिला नाही, चुना मळला नाही. मासा कापावा तसा पाणी कापणारा तो आकार ज्या हातांनी घडवला ते हात पाथरवटाचे, गवंड्याचे, वडाराचे. त्यांची घामाची बुद्धी त्या भिंतीत आहे. दर पावसाळ्यात कृष्णा भरते आणि त्या बुद्धीची परीक्षा घेते. आपण मात्र कौतुक करतो ते पैसे देणाऱ्याच्या भक्तीचे.

आणि पैसा तरी कोणाचा? कुणब्याच्या शेतसाऱ्याचा आणि मोहिमांच्या लुटीचा. त्यावर वेठ. पेशवाईच्या दफ्तरात वेठबिगारीचे उल्लेख जागोजाग आहेत. गावात महाराने काय करायचे? सीमा राखायची, सरकारी भरणा वाहायचा, मेलेले जनावर ओढायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे आणि सांडलेले दाणे वेचायचे. याला 'वतन' असे भारदस्त नाव होते. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनीही हे जोखड कायम ठेवले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ते मोडण्यासाठी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात महारवतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले. म्हणजे रास्त्यांच्या देवळाला दोनशे वर्षे होत आली तोवर हे चालू होते.

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्याच पेशवाईचे वैभव म्हणून आज आपल्याला वाडा दाखवतात. दाखवा. आम्हीही पाहू. पण वाड्याच्या सहा चौकांबरोबर गावकुसाबाहेरचे सातवे अंगणही दाखवा.

कृष्णेचे घाट फार सुंदर आहेत, नाही कोण म्हणतो? पण घाट म्हणजे नुसता पायऱ्यांचा नक्षीकाम नव्हे, पाण्यापर्यंत जायची ती वाट आहे. वाट कोणाला होती? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला ४ ऑगस्ट १९२३ ला. ठराव करावा लागला याचा अर्थ पाणवठे बंद होते. ठराव असूनही २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावे लागले याचा अर्थ ठरावानंतरही बंद होते. देवळांसाठी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा आला १९४७ मध्ये. या तारखांतली एकही तारीख दक्षिण काशीच्या कुठल्या पायरीवर कोरलेली नाही. बांधल्याची तारीख असते, उघडल्याची नसते.

शाहरुख आला होता, पण काय सांगून गेला?

'स्वदेस' २००४ चा. गाइड सांगतो, इथे शाहरुख बसला, इथे होडीत चढला. चित्रपटात मात्र एक दृश्य आहे. गावात पडदा लावून सिनेमा दाखवतात. पडद्याच्या पुढे वरच्या जातीचे, मागे खालच्या जातीचे. वीज जाते आणि नायक मधला पडदा काढून टाकतो. 'नासा'तून आलेला माणूस गावात येऊन पहिले काय पाहतो तर जात! गावासाठी वीज आणतो तीही जातीच्या भिंतींशी भांडत भांडत. ज्या चित्रपटाचा कणाच जातीचा प्रश्न आहे तो आपण 'शूटिंग लोकेशन' म्हणून विकतो. पडदा काढला होता, आपण तो पुन्हा लावला.

शेजारच्या तालुक्यातली मुलगी

यादीत 'वाईजवळ पाहण्यासारखे' असते. पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड. पुण्याहून महामार्गाने वाईला येणारी प्रत्येक गाडी खंडाळा तालुक्यातून येते. त्याच तालुक्यात नायगाव आहे. तिथे ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई जन्मल्या. त्यांचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यात, याच जिल्ह्यात. या देशातल्या मुलींच्या शिक्षणाची वाट या जिल्ह्यातून निघाली. सहलीच्या बसमध्ये निम्म्या मुली असतात. त्यांना घंटेचे साल सांगतात, आणि आपण या बसमध्ये का बसू शकलो ते सांगत नाहीत.

सातारा शहरात राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर'. महाराष्ट्र आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या मुलाला वर्गात स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे. साताऱ्यात त्याचे केस कापायला न्हावी तयार नसे, बहीण कापायची. त्याची आई भीमाई साताऱ्यातच वारली. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायला ही पोरे नवे कपडे घालून निघाली, मसूर स्टेशनला उतरली. जात कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण बैल हाकायचे पोरांनी आणि तो चालणार शेजारून. रात्रभर जवळ डबाभर जेवण आणि प्यायला थेंब पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आज कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते जगातला कोणीही वाचू शकतो. न्यूयॉर्कचा विद्यार्थी मसूर स्टेशन ओळखतो, आणि वाईला येणाऱ्या माणसाला या जिल्ह्याची ओळख कंदी पेढ्यावर संपते.

याच जिल्ह्यात १९१९ मध्ये काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसवली. हेही प्रेक्षणीय स्थळ नव्हे काय? की प्रेक्षणीय म्हणजे फक्त जिथे सरदार राहिला ते?

आणखी दोन ठिकाणे. मांढरदेवी. यादीत लिहितात, 'नवसाला पावणारी काळूबाई, निसर्गरम्य डोंगर'. २५ जानेवारी २००५ ला तिथे चेंगराचेंगरीत आणि आगीत अडीचशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक गोरगरीब, कष्टकरी, नवस फेडायला आलेली. धोम धरण. 'बोटिंगची सोय, सूर्यास्त सुंदर.' पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे काठावर वाचता यावीत, एवढे तरी मागायचे की नाही?

'जुने कशाला उकरता?'

हा पहिला आक्षेप येणारच. उत्तर सोपे आहे. १७६२ उकरणे चालते, १९२७ उकरणे चालत नाही? पांडवांपर्यंत मागे जायला तुम्हाला हरकत नाही, आजोबांपर्यंत जायला आहे. जुन्याचा कंटाळा नाही तुम्हाला, एका विशिष्ट जुन्याचा आहे.

दुसरा आक्षेप, 'पर्यटनात जात आणू नका.' मित्रहो, वाईच्या एका आळीचे नावच ब्राह्मणशाही आहे. घाटांची ओळख आळ्यांवरून आणि आळ्यांची ओळख तिथे कोण राहिले यावरून. जात आम्ही आणत नाही, ती पायरीवर आधीपासून बसलेली आहे. आम्ही फक्त तिचे नाव घेतो.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो टाळू नये. 'वाईने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी दिले. अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी गांधीजींना शास्त्राधार दिला. राज्यघटना संस्कृतात नेली. विश्वकोश उभा केला. मग वाईला कर्मठ का म्हणता?' तर्कतीर्थांचे काम मोठे आहे, ते आम्ही नाकारत नाही. प्राज्ञपाठशाळेने कर्मठांचा रोष पत्करला हेही खरे. पण त्यांची वाट आणि बाबासाहेबांची वाट यांतला फरक विसरू नका. एक वाट म्हणते, शास्त्रातच अस्पृश्यतेला आधार नाही, हे आम्ही शास्त्रातून दाखवतो. दुसरी म्हणते, माणसाच्या माणूसपणाला शास्त्राची परवानगी लागतच नाही. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळली. वाईच्या यादीत शास्त्री आहेत, पण ज्यांच्याविषयी शास्त्री वाद घालत होते ती माणसे नाहीत. ज्याच्यावर उपकार झाले तो फोटोबाहेर आणि ज्याने केले तो मधोमध, असा हा फोटो आहे. आणि विश्वकोशाचे म्हणाल तर उलट आमची अपेक्षा वाढते. साऱ्या जगाची माहिती जिथे बसून मराठीत आणली त्या गावाला स्वतःची माहिती पूर्ण लिहिता येऊ नये?

मागण्या

आम्हाला काही पाडायचे नाही, काही हटवायचे नाही. लिहायचे आहे. म्हणून मागण्या नेमक्या.

१. लोहारे येथील लेण्यांवर, पांडवगडावर आणि आगाशिववर 'बौद्ध लेणी' असा स्पष्ट मराठी फलक लावावा. आजची पूजा चालू राहो, मूळ ओळख लिहिली जावो.

२. ढोल्या गणपती आणि मेणवली इथल्या माहितीत बांधवून घेणाऱ्याबरोबर बांधणाऱ्या कारागीर जातींचा आणि वेठीचा उल्लेख असावा. 'रास्ते यांनी बांधले' ऐवजी 'रास्ते यांनी पाथरवट, गवंडी आणि मजुरांकडून बांधवून घेतले' एवढा बदलही चालेल. एका क्रियापदाचा प्रश्न आहे.

३. घाटावर एक फलक असा हवा: 'हे पाणी सर्वांचे आहे. ते सर्वांना खुले व्हावे म्हणून १९२३ चा ठराव, १९२७ चा महाड सत्याग्रह आणि भारतीय संविधानाचा अनुच्छेद १७ यांची गरज पडली.'

४. सहलींच्या मार्गात नायगाव, साताऱ्याची राजवाड्यातली शाळा आणि मसूर स्टेशन यावेत. मसूरला त्या पोरांच्या प्रवासाची खूण असावी.

५. मांढरदेवीला मृतांचे आणि धोमला बुडालेल्या गावांचे स्मरण व्हावे.

ही निवेदने द्यायची तिथे देऊच. पण अलाबामाने शिकवलेली गोष्ट विसरू नका. सरकार फलक लावेल तेव्हा लावेल. लाउंड्सच्या शेतमजुरांनी कोंबडेवाल्यांकडे चिन्ह मागितले नाही, स्वतःचे काढले.

म्हणून दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. आपल्या वस्त्यांतली ऐंशी-नव्वदीची माणसे हळूहळू जात आहेत. कोणी वतनाची कामे केली, कोण कुठल्या पाणवठ्यावर अडवले गेले, १९५६ नंतर कोणी घरातले देव कृष्णेत सोडले, हे त्यांच्या तोंडून आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. जो मोबाईल 'वाईची रंजक माहिती' पुढे ढकलतो त्याच मोबाईलवर. प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. शिकलेल्या पोरापोरींनी शनिवार-रविवारी गाइड व्हावे आणि लोहाऱ्यापासून सहल सुरू करावी. १४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या पैशातला दहावा भाग बाजूला काढला तरी गावोगाव दगडी फलक उभे राहतील.

किडा बोंड खातो, त्याचाही पुतळा होतो, कारण त्याची गोष्ट सांगणारे कोणी होते. आपली गोष्ट किड्याच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. सांगायला मात्र आपणच हवे.

जय भीम!